डाव्या बाजूचा टवका

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे. वाफ सोडणारी, पाणी शिंपडणारी अशी नखरेल इस्त्री नव्हे, नुसती तापणारी. वजनाने जड आणि स्वभावाने तापट. माझ्या बोलण्याचा चटका बसला तर वाईट वाटून घेऊ नका, गोड बोलायला मला कुणी शिकवलेलंच नाही. सध्या माझा मुक्काम माळ्यावर आहे, एका फुटक्या बादलीत. इथून खालची खोली दिसते आणि खोलीतला टीव्हीही दिसतो. अडगळीत पडलेल्याला एवढी करमणूक पुष्कळ झाली.

माझा जन्म कारखान्यात झाला. टोकदार नाक, चकचकीत पाठ, काळी मूठ, मुठीखाली लाल दिवा आणि मागे लांबलचक वायर. शेवटी बसलेल्या तपासनिसाने मला फडक्याने पुसून उजेडात धरलं आणि तो म्हणाला, "ठीक." ही माझी पहिली स्तुती. पुढे बरीच वर्षं मला तेवढ्यावरच भागवावं लागलं.

मला विकत घेतलं ते लोकांचे कपडे इस्त्री करून देणाऱ्या एका बाईने. हीच माझी मालकीण. घराच्या पुढच्या खोलीत तिचं लांब टेबल होतं, आणि त्यावर घडी करून अंथरलेली जुनी घोंगडी. हॉटेलच्या चादरी, दवाखान्यातले पांढरे कोट, कचेरीत जाणाऱ्यांचे शर्ट यांचे ढीग चारी बाजूंना असत. सकाळी आठला मी तापायचे ते दिवेलागणीपर्यंत. लोकांच्या कपड्यांच्या घड्या घालता घालता स्वतःच्या संसाराची घडीही तिला एकटीनेच बसवावी लागली. घरात माणसं दोनच, ती आणि तिची लेक.

लेकीला नाव होतं, पण मालकीण तिला कॅप्टनच म्हणायची. त्याला कारण टीव्ही. दर रविवारी दुपारी अंतराळातली एक मालिका लागायची. पुठ्ठ्याची यंत्रं, रंगवलेली बटणं आणि दोऱ्याला टांगलेली जहाजं. दोरा चक्क दिसायचा. शेजारचा शिंपी एकदा तिला चिडवत म्हणाला, "अगं, तो दोरा बघ की!" तर ही म्हणाली, "दोरा तुम्ही बघा काका, मी जहाज बघते." मला हे उत्तर फार आवडलं. माझीसुद्धा वायर कुणी बघू नये असं मला नेहमी वाटायचं.

मालिका संपली आणि मी निवलेली असले, की तिच्या हाती लागायचे. टोकदार नाक, लाल दिवा, मागे शेपूट, आणखी काय हवं? दोन्ही हातांनी मला उचलून ती खोलीभर फिरवायची. चादरींचे ढीग म्हणजे डोंगर, आणि घोंगडीवरचे तपकिरी डाग म्हणजे ग्रह. ते डाग मीच पाडलेले होते. माझ्या चुकांवर कधी कुणी जहाज उतरवील असं मला वाटलं नव्हतं.

एका रविवारी मालिकेतल्या जहाजाचं इंधन संपत आलं. मालकीण टेबलाशी उभी राहून कोटाला इस्त्री करत होती आणि कॅप्टन टेबलाखाली बसली होती. ऐन वेळी तिने माझी वायर इंधनाची नळी समजून जोरात ओढली. मी घसरले आणि तापलेली तशीच मालकिणीच्या डाव्या पावलावर पडले. तिथून फरशीवर. माझ्या मुठीचा टवका उडाला, पुढचा, डाव्या बाजूचा. मालकिणीने आधी बटण बंद केलं, मग लेकीचे हात उलटेसुलटे करून बघितले, आणि मग आपला पाय नळाखाली धरला.

"आई, जहाज फुटलं?" लेक रडत विचारत होती.

मालकीण ओठ आवळून म्हणाली, "नाही कॅप्टन. जहाजाचा जरा टवका उडालाय. माणसं सुखरूप आहेत."

तिच्या पावलावरचा तो डाग कधी गेला नाही आणि माझा टवकाही भरून आला नाही. आम्हा दोघींना एकाच दिवशी, एकाच बाजूला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दोघींनीही काम सुरू केलं.

कॅप्टन मोठी झाली तशी कागदावर जहाजं काढू लागली, आणि मग कॉम्प्युटरवर. मालकिणीने जास्तीच्या चादरींचं काम अंगावर घेऊन तिच्यासाठी एक वापरलेला कॉम्प्युटर आणला. तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसला. एका टोकाला मी तापायचे, दुसऱ्या टोकाला तो. त्याला पंखा होता, मला नव्हता, पण जाऊ द्या. कॅप्टन टेबलावरचा दिवा माझ्या या बाजूचा त्या बाजूला करायची आणि माझ्या पाठीवर खिडकी कशी वाकडी दिसते ते बघून पडद्यावर तशीच उतरवायची. घोंगडीवरच्या डागांचे फोटो काढून तिने त्यांचे खरोखरचे ग्रह केले, आणि ते इतके छान दिसले की मालकिणीने काम थांबवून बघितले. "उजेड कुठून येतो ते आधी ठरवावं लागतं, आई," कॅप्टन सांगायची. "मग सगळं खरं वाटतं."

"ठरव, पण जरा सरकून ठरव," मालकीण म्हणायची. "तुझ्या सावलीत मला सुरकुती दिसत नाही."

ते आमचे सुखाचे दिवस होते. तेव्हा कळलं नाही, इतकंच.

शिक्षण संपल्यावर कॅप्टनला ॲनिमेशनच्या स्टुडिओत नोकरी लागली. थोड्याच दिवसांत त्या स्टुडिओला अंतराळातल्या एका नव्या मालिकेचं काम मिळालं. मुख्य जहाज कसं असावं ते ठरवायचं होतं. ती धावतपळत घरी आली.

"आई, इस्त्री दे."

"शर्ट काढून दे, मी करते."

"अगं शर्टासाठी नको. जहाजासाठी हवीये!"

मालकिणीने मला टॉवेलमध्ये गुंडाळलं. "नीट ने. आणि आठवणीने परत आण," असं दोनदा बजावलं. स्वतःच्या कामासाठी तिने एक हलकी, वाफेची इस्त्री आणली. तिच्याबद्दल मी काही बोलत नाही.

अशी मी स्टुडिओत गेले आणि कित्येक महिने कॅप्टनच्या पडद्याशेजारी बसून राहिले. त्या कामात एक युक्ती असते. जहाज असो की चेहरा, अर्धाच घडवायचा. उरलेला अर्धा आरशात दिसावा तसा कॉम्प्युटर आपणच जोडून देतो. मेहनत निम्मी, आणि दोन्ही बाजू बिनचूक सारख्या. कॅप्टनने जहाज तसंच घडवलं, आणि मग हाताने डाव्या बाजूचा टवका उडवला. मोठे साहेब मागे येऊन उभे राहिले.

"ही चूक काढ. आरसा लाव, म्हणजे सरळ होईल."

"चूक नाही सर, टवका आहे. दोन्ही बाजूंना सारखंच लागलेलं कधी कुणी बघितलंय का?"

साहेब आठवडाभर नाही म्हणत होते, आणि ही आठवडाभर भांडत होती. टवक्यामुळे प्रत्येक दृश्यात काम वाढणार होतं, तर ते सुट्टीच्या दिवशी येऊन करीन म्हणाली, आणि तशी आलीही. शेवटी साहेबांनी हात टेकले. मला छाती असती तर ती अभिमानाने फुगली असती.

मालिका गाजली. मुलं वह्यांवर ते जहाज काढू लागली आणि टवका न विसरता डावीकडे काढू लागली. इकडे मालकीण कपडे न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "माझ्या इस्त्रीचं जहाज केलंय पोरीने." हे मला पुढे शिंप्याच्या तोंडून कळलं. तिच्या आयुष्यात मिरवण्यासारखं एवढंच होतं, आणि ते ती मनसोक्त मिरवत होती.

मग टीव्हीवाले मुलाखतीला यायचे ठरले. त्या सकाळी कॅप्टनने टेबल आवरलं. विटके कप, वायरींचा गुंता आणि मी, असे सगळे खालच्या खणात गेलो. मला वाटलं, ऐन वेळी बाहेर काढून दाखवणार असेल.

"इतका वेगळा आकार तुम्हाला सुचला तरी कुठून?" मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं.

कॅप्टन म्हणाली, "पाकट माशावरून. सपाट, लांब शेपटीचा असतो ना, तो. लहानपणी मी त्याची चित्रं बघत बसायचे."

मित्रांनो, त्या घरात माशाचं चित्र कधीही नव्हतं. मी साक्षीला आहे.

"आणि तो टवका?"

"अपूर्णतेतलं सौंदर्य."

"वा! घरातच कलेचं वातावरण असणार. आई काय करतात?"

"आई... कापडाच्या व्यवसायात आहे."

त्या दिवशी माझी वायर कुठेही जोडलेली नव्हती, तरी मी तापले. आठवडाभर माझ्या टवक्यासाठी भांडलेली मुलगी हीच का, हे मला कळेना. ती वाईट नव्हती. तिला लाज वाटली. पण लाजेने दिलेला चटका काही कमी भाजत नाही.

शनिवारी तिने मला घरी आणलं. "घे आई, झालं हिचं काम," म्हणाली आणि उभ्या उभ्या निघून गेली. रविवारी मुलाखत लागणार होती. मालकिणीने मला घासूनपुसून टीव्हीशेजारी धुतलेल्या चादरीवर मांडलं आणि शिंप्याला व दोन गिऱ्हाइकांना मुद्दाम बोलावलं. पाकट मासा आला तेव्हा सगळ्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा मालकिणीकडे बघितलं. कापडाचा व्यवसाय आला तेव्हा शिंप्याला हसू आवरेना.

"वहिनी, दुकान कधी काढलंत? आम्हाला पत्ताच नाही!" मग तिचा चेहरा बघून तो ओशाळला. "टीव्हीवर असंच बोलावं लागतं हो," तो पुटपुटला.

मालकीण उठली, माझ्याखालची चादर काढून तिची चोख घडी घातली आणि म्हणाली, "चहा घेणार ना सगळे?"

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर गेले. त्यानंतर तिने लेकीला पुन्हा कॅप्टन म्हटलेलं मी ऐकलं नाही. फोन आला की म्हणायची, "हं, बोल."

अशी दोन वर्षं गेली. मग स्टुडिओतला एक जुना फोटो कुणाला तरी सापडला. त्यात पडद्याशेजारी मी बसलेले. लोकांना भारी मौज वाटली: इस्त्रीचं जहाज! स्टुडिओने मालिकेच्या चित्रांचं प्रदर्शन ठरवलं होतंच. लगेच कॅप्टन घरी हजर.

"आई, ती जुनी इस्त्री कुठंय?"

"कुठली?"

"अगं तीच, जहाजाची."

"जहाज माशाचं होतं ना?"

कॅप्टनची मान खाली गेली. "तेव्हा मी नवीन होते, आई. सगळे केवढं मोठमोठं बोलत होते. चुकलं माझं."

मालकिणीचा हात शर्टावर थांबला. मी वरून बघत होते. ती विरघळत होती, मला तिचा हात ओळखता येतो. पोरीने तिथेच थांबायला हवं होतं.

"प्रदर्शन दहा दिवसांवर आलंय गं," कॅप्टन म्हणाली. "आणि लोकांना हल्ली असलंच आवडतं, साधं, घरातलं. तू पण ये, तुझाही फोटो काढतील."

हात पुन्हा चालू लागला. "भंगारात दिली," मालकीण म्हणाली.

खरं सांगू? मला जायचं होतं. दोन वर्षं बादलीत पडलेल्या वस्तूला मानापमान फार काळ परवडत नाही. मालकिणीने माझ्या वाटणीचं मोठेपण आपल्या रागापायी घालवलं, म्हणून मी तिच्यावरही चिडले. कॅप्टनने खोलीभर नजर फिरवली. वर बघितलं नाही. स्टूल तिथेच कोपऱ्यात होतं.

काल दुपारी ते प्रदर्शन टीव्हीवर दाखवलं. मालकीण एकटीच बघत होती. या खेपेला शिंप्याला बोलावणं नव्हतं. काचेच्या पेटीत, मखमलीवर, एक इस्त्री. माझ्याच जातीची, कुठल्यातरी भंगारवाल्याकडून आणलेली. खाली पाटी: 'आईची इस्त्री'. कॅप्टन सगळं सांगत होती: टेबल, चादरी, डागांचे ग्रह, आईचं उभं राहणं. एकही शब्द खोटा नव्हता. सांगताना तिचे डोळे भरून आले, आणि तेही खोटं नव्हतं, हे मी तापट असूनही कबूल करते.

मग कॅमेरा मुठीजवळ गेला. तिथे टवका होता. नवाकोरा, कानशीने घासून पाडलेला. उजव्या बाजूला.

जाहिरातीत जहाज समोरून येताना दिसतं, आणि समोरून बघणाऱ्याला डावं ते उजवीकडे दिसतं. कुणा कारागिराने ते चित्र बघून टवका पाडला असणार. त्याचा काय दोष? पण जिने तो भांडून डावीकडे ठेवून घेतला, ती त्याच पेटीवर हात ठेवून उभी होती, आणि तिच्या लक्षात आलं नाही.

मालकिणीने टीव्ही बंद केला. स्टूल ओढलं, दुखऱ्या पायाने चढली, मला बादलीतून काढून खाली आणलं आणि मांडीवर घेऊन बसली. इतक्यात फोन वाजला.

"आई, बघितलंस?"

"बघितलं."

"कशी वाटली इस्त्री?"

मालकिणीचा अंगठा माझ्या टवक्यावर होता.

"हुबेहूब," ती म्हणाली.

मग तिने मला पुन्हा वर ठेवून दिलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं शेवटी सांगायची रीत आहे. मी तसं सांगणार नाही. वस्तू जपायला काचेची पेटी पुरते. तुम्ही फक्त तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूचा टवका कुठल्या बाजूचा आहे, तो कसा उडाला आणि तेव्हा कुणाचं पाऊल भाजलं, एवढं लक्षात ठेवा. आणि चारचौघांत कुणी विचारलं, तर पहिल्याच खेपेला सांगून टाका. दुसऱ्या खेपेला सांगायला जाल, तेव्हा इस्त्री भंगारात गेलेली असते.