किओज्जाचा सदतीस वर्षांचा स्ट्रायकर

एर्मेस वारान्योलो एकोणीस वर्षं फुटबॉल खेळला, अकरा क्लबांकडून, सगळं तिसऱ्या नाहीतर चौथ्या श्रेणीत. सदतिसाव्या वर्षी तो इटलीतल्या आमच्या किओज्जा गावात परतला, तेव्हा त्याचा एक गुडघा हवा बदलली की दुखायचा आणि दुसरा नाही बदलली तरी. मी क्लबचे कपडे धुवायचो. त्या वर्षी त्याचा शर्ट बहुतेक वेळा कोराच परत यायचा.

शेवटचा सामना जिंकलो तर आम्ही चाळीस वर्षांनी दुसऱ्या श्रेणीत जाणार होतो. बरोबरी चालली होती, पाच मिनिटं उरली होती, आणि आमचा स्ट्रायकर लंगडत बाहेर आला. प्रशिक्षक तार्चीझिओने बाकाकडे पाहिलं. एर्मेस एकटाच बसला होता.

"ऊठ."

"मी?"

"दुसरं कोण दिसतंय तुला? पुढे जाऊन नुसता उभा राहा. पडू नकोस म्हणजे झालं."

तो पडला. कॉर्नरवरून चेंडू आला, त्याचा पाय सटकला, गोलकडे तोंड करून तो ओणवा झाला आणि आमच्याच गड्याने हाणलेला फटका त्याच्या ढुंगणावर आपटून जाळ्यात गेला.

सगळे त्याच्या अंगावर कोसळले. ढिगाखालून आवाज येत होता, "अरे, झालं काय?"

"गोल झाला, गाढवा."

"कुणी केला?"

मग गावाला आवरायला कुणी उरलंच नाही. तार्चीझिओला कालव्यात फेकला, आणि फेकणाऱ्यांनी मागोमाग स्वतःच उड्या टाकल्या. बाजारातल्या कोळणींनी एर्मेसला मासळीच्या हातगाडीत बसवून गल्लोगल्ली फिरवला. त्याची आई नोर्मा शेजारून धावत होती. "हळू ढकला गं, गुडघे दुखतात त्याचे."

"आई, बघितलास गोल?"

"छे, सामना बघताना माझं काळीज धडधडतं. भांडी घासत होते. बाहेर आरडाओरडा झाला तेव्हा वाटलं, तू कुणाची तरी काच फोडलीस."

हातगाडी ढकलणाऱ्या बायका हसून हसून वाटेतच खाली बसल्या.

ऑगस्टमध्ये तार्चीझिओने त्याला दुसऱ्या श्रेणीत सहा मिनिटं खेळवला. चेंडू तीनदा पायाला लागला, त्यातून एकदा ठरवून. बाहेर येऊन त्याने बुटांच्या नाड्या सोडल्या.

"बास. खेळलो मी," तो म्हणाला.

"वाईट वाटतंय का रे?" मी विचारलं.

"भूक लागलीय."

आम्ही बंदरावर जाऊन तळलेली तारली खाल्ली. तो मध्येच थांबून एकटाच हसायचा, परत खायचा, परत हसायचा. काटा अडकेल म्हणून मी त्याच्या पाठीवर थापा मारत बसलो होतो.