शटरचा आवाज

सिनेमात चित्र आधी येतं आणि बरेचसे आवाज मागाहून भरतात. पावलं, दारं, कपबशा, थोबाडीत मारलेली, सगळं. आवाजवाल्या ताई हे काम सव्वीस वर्षं करत होत्या. बंद खोलीत पडद्याकडे बघत त्या गाजर मोडायच्या, आणि पडद्यावर कुणाचं तरी हाड मोडायचं. खऱ्या हाडाचा आवाज लोकांना खोटा वाटतो, असं त्या सांगायच्या. त्यांनी तो ऐकला होता.

तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. त्यांच्या थोरल्या भावाचं, दादांचं, घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि बाजारातल्या पिंट्या नावाच्या गुंडाला ती जागा हवी होती. दादांनी नकार दिला. पिंट्यानं दोन माणसांकरवी दादांचे हात उंबऱ्यावर दाबून धरले आणि शटर खाली ओढलं. आवाज अगदी मऊ आला, ओलं फडकं आपटल्यासारखा. पिंट्याला सर्दी झाली होती. त्यानं बाहीला नाक पुसलं आणि "चला रे, जेवायचं राहिलंय," म्हणून तो निघून गेला. दादांनी पुन्हा घड्याळ उघडलं नाही. शर्टाची बटणंसुद्धा ताईच लावून द्यायच्या.

आणि आता त्याच पिंट्यावर सिनेमा, आणि त्याचे आवाज भरायला ताईच! नाव तेवढं बदललेलं, कारण पिंट्या नावाच्या माणसासाठी तिकीट कोण काढणार? पडद्यावर काळा कोट, भुरभुरणारे केस. त्या एवढ्याशा दुकानात वारा कुठून येत होता देव जाणे. नट खाली वाकून हळूच म्हणाला, "दुसऱ्यांची वेळ दुरुस्त करतोस ना? आता स्वतःची सांभाळ." आणि शटर ओढलं.

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तो असं काही बोलला नव्हता. मी तिथे होते. ते माझ्या भावाचे हात आहेत."

शेजारी बसलेला दिग्दर्शक गडबडला. "अरे बापरे! सॉरी, ताई. पण आम्ही काही त्याला डोक्यावर घेत नाही हो. शेवटी मरतोच ना तो."

"मरतो! आठ मिनिटं मरतो, मागे व्हायोलिन लावून. माझ्या भावाला तुम्ही अडीच सेकंद दिलेत, तेही पाठमोरा!"

"लोक शहाणे आहेत, ताई. त्यांना कळतं."

ताईंनी आधी खरा आवाज दिला. ओलं फडकं, लाकडी फळी. दिग्दर्शकानं मान हलवली. "अंगावर येत नाही."

अंगावर आणायचंय काय? थांब, दाखवतेच. असा आवाज देते की बघणाऱ्याच्या पोटात ढवळलं पाहिजे, त्या मेल्याचं तोंड बघवता कामा नये. त्यांनी पत्रा आणला, साखळदंड आणले, भिजवलेलं चामडं आणि अकरा गाजरं घेतली, आणि तीस वर्षांचा राग एका हिसक्यात खाली ओढला. खोली हादरली. दिग्दर्शक उभा राहून टाळ्या वाजवू लागला. तिथेच त्यांना कळायला हवं होतं.

पहिल्याच दिवशी त्या दुपारच्या खेळाला गेल्या. लोकांचे चेहरे बघायचे होते. शटर पडलं आणि शिट्ट्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं. मागचा एकजण म्हणाला, "काय आवाज आहे यार! काय माणूस असेल!" ताई अंधारात बसून राहिल्या. पिंट्याकडे असा आवाज कधीच नव्हता. तो त्याला ताईंनी दिला होता.

घरी आल्या तर ओसरीवर चार खुर्च्या. शेजाऱ्यानं दादांना सकाळचाच खेळ दाखवून आणला होता, आणि आता दादा मधोमध बसून सांगत होते, "...असा वाकला, आणि म्हणाला कसा, दुसऱ्यांची वेळ दुरुस्त करतोस ना?"

"वा!" शेजारी म्हणाला. दुसरा दादांच्या वाकड्या बोटांचा फोटो काढत होता.

"निघा!" ताई ओरडल्या. "तमाशा आहे का हा? निघा सगळे!"

खुर्च्या रिकाम्या झाल्या. "दादा, खोटं आहे ते! त्याला सर्दी झाली होती. जेवायचं राहिलंय म्हणाला तो. विसरलास?"

"हात माझे गेलेत, मी विसरेन?" दादा शांतपणे म्हणाले. "सर्दीचं मी तीस वर्षं सांगितलं, बाई. कुणी खुर्ची ओढून बसलं?"

तेवढ्यात तो शेजारी चोरासारखा दारात आला, सोबत त्याचा मेहुणा. "दादा, हा मुद्दाम आलाय हो. एकदाच सांगा."

दादांनी ताईंकडे बघायचं टाळलं. घसा साफ केला, पुढे वाकले, आणि त्या नटाच्या आवाजात सुरुवात केली.