बिघाड कुठे होता

लिफ्ट बंद पडली की ती दुरुस्त करायला सात मजले जिन्याने चढावे लागतात, ही गोष्ट लिफ्ट बनवणाऱ्यांच्या लक्षात आली नसावी. यंत्राची खोली गच्चीवर असते. मिस्त्रींच्या मनात ही तक्रार गेली चार वर्षं होती, म्हणजे जिने लांब झाल्यापासून.

त्यावर त्यांनी तोडगा काढला होता. चढायचं ते जोडीदाराने, डोकं चालवायचं ते आपण. तळमजल्यावर सिगारेट पेटवून ते फोनवर सूचना देत. त्यामुळे त्यांचा वचकही वाढला होता. पण आज जोडीदार दाढ काढायला गेला होता आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये एक बाई अडकल्या होत्या. त्यात साहेबांनी कालच सगळ्यांना बजावलं होतं, "ज्याला जिना चढवत नाही त्याने कोठारात बसून नटबोल्ट निवडावेत."

पहिल्या मजल्यावर मिस्त्री बुटाची नाडी बांधायला वाकले. बुटांना नाड्या नव्हत्या, पण पाहायला कोणी नव्हतं. दुसऱ्यावर त्यांनी कठडा हलवून पाहिला. तिसऱ्यावर काहीच सुचेना, तेव्हा ते लिफ्टच्या दाराला टेकून नुसतेच उभे राहिले.

"कोण आहे? कुत्रं आहे का?" आतून आवाज आला.

"मिस्त्री आहे, मावशी. घाबरू... नका."

"मी कशाला घाबरू? धाप तुम्हाला लागलीय. आणि मावशी नाही, सिस्टर म्हणा. छातीच्या वॉर्डात एकतीस वर्षं काढलीत. मावशी म्हणणाऱ्याला मी सुई हळू टोचायची."

"हळू म्हणजे बरंच की."

"हळू टोचली की जास्त दुखतं. दिवसाला किती?"

"काय किती?"

"पायऱ्या नाही विचारत."

"चार-पाच."

"मी अडकलेय, मला कुठे जायचं नाही. नीट आठवून सांगा."

"वीस," मिस्त्री म्हणाले. एवढं खरं ते घरीही बोलले नव्हते. पण बंद दाराशी बोलताना माणसाला तितकीशी लाज वाटत नाही.

"सकाळी खोकला?"

"तो काय, सगळ्यांनाच असतो."

"कोणाकोणाला?"

मिस्त्रींनी विचार केला. "मला. आणि थोरल्या भावाला."

"ते काय करतात?"

"गेले. फुफ्फुसाचा कॅन्सर. वर्ष झालं."

"म्हणजे आता एकट्या तुम्हालाच."

मिस्त्री दारापासून बाजूला होऊन जिन्याकडे वळले.

"ऐका," सिस्टर म्हणाल्या. "पाच पायऱ्या चढायच्या, थांबायचं. नाकाने श्वास घ्यायचा, ओठ आवळून सावकाश सोडायचा, गरम चहावर फुंकर मारतो तसा. छातीत दुखलं तर तिथेच बसायचं आणि मला ओरडून सांगायचं."

"सांगून तुम्ही काय करणार?"

"इथून? काहीच नाही. पण वेळ लिहून ठेवीन."

मग अडकलेल्या बाईने सोडवायला आलेल्या माणसाला चार मजले वर नेलं. "पाच झाल्या? थांबा. ओठ आवळा," असा आवाज लिफ्टच्या पोकळीतून येत राहिला. पाचव्या मजल्यावर मिस्त्रींनी सहा पायऱ्या चढून पाहिल्या, तेही सिस्टरांना कळलं.

वर पोचून मिस्त्री पालथ्या बादलीवर बसले. हात सवयीने खिशात गेला.

"मिस्त्री! आता नाही!" खालून आवाज आला.

काडी अजून ओढलीही नव्हती. मिस्त्रींनी पाकीट परत ठेवलं, वीज तोडली, निसटलेली वायर जोडली आणि ब्रेक सैल करून हातचाक फिरवलं. लिफ्ट मजल्याला लागल्याची दोरावरची पिवळी खूण जागेवर आली तसा त्यांनी ब्रेक लावला आणि चौथ्या मजल्यावर उतरून किल्लीने दार उघडलं. आतून भाजीची पिशवी आणि तिच्यामागे हातभर उंचीची वाटावी अशी एक म्हातारी बाहेर आली.

"चव्वेचाळीस मिनिटं," घड्याळ पाहत ती म्हणाली. "त्यातली लिफ्टची सहा. आणा तो कागद."

दुरुस्तीच्या कागदावर ग्राहकाचा शेरा लागतो. 'बिघाड कुठे होता' या रकान्यात सिस्टरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: मिस्त्रींच्या छातीत.

"अहो सिस्टर, साहेब वाचतात हे! कोठारात बसवतील मला."

"तक्त्यावर मी कधी खोटं लिहिलं नाही. रोगी रडला तरी." 'पुढील तपासणी' या रकान्यात त्यांनी तीन महिन्यांनंतरची तारीख घातली. "आजपासून सोडलीत तर तोवर खोकला नि धाप कमी व्हायला हवी. गेलेलं सगळं परत येत नाही, पण उरलंय ते वाचतं. उद्या डॉक्टरकडे छाती दाखवा. सोडायला गोळ्या असतात, पट्ट्या असतात. एकट्याने शूरपणा नको. आणि या तारखेला इथे यायचं. जिन्याने."

तळमजल्यावर मिस्त्रींनी पिशवीतून कोरा कागद काढला. 'बिघाड कुठे होता' यापुढे 'वायर' एवढं लिहिलं की झालं, सहीसुद्धा कोणी ताडून पाहत नाही. त्यांना भावाची आठवण झाली. तोही शेवटपर्यंत 'जरा सर्दी आहे' म्हणत होता. त्यांनी कोरा कागद परत ठेवला.

साहेबांनी शेरा दोनदा वाचला.

"हे काय?"

"बिघाड आहे, साहेब. तीन महिने लागतील."

"नवे भाग मिळतात का?"

"नाही, साहेब. आहेत तेच चालवायचेत."

"मग तोवर कोठारात बसा," साहेब म्हणाले. "आणि सांगून ठेवतो, तिथे सिगारेट ओढायला सक्त मनाई आहे."

"तेच विचारणार होतो," मिस्त्री म्हणाले आणि खिशातलं पाकीट काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.