नळीत कोण फुंकणार

"आज मी फुंकणार नाही. मेले तरी नाही," मी म्हटलं आणि चिमीचा डबा भरत राहिले.

माझा नवरा बेकरीची गाडी चालवतो, दुकानांना पाव पोचवतो. गेल्या वर्षी तिथल्या एका ड्रायव्हरने पिऊन गाडी फुटपाथवर घातली. म्हणून यंदा मालकाने प्रत्येक गाडीत यंत्र बसवलंय. नळीत फुंकायचं. श्वासात दारू नसेल तर हिरवा दिवा लागतो, गाडी सुरू होते. असेल तर लाल, आणि मग गाडी ढिम्म हलत नाही. मालक हुशार. पण ड्रायव्हरला बायकोही असते, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही!

पहिल्या दिवशी हे हातापाया पडले. "रात्रीची उतरली नाही गं. आजच्या दिवस." मी फुंकलं. त्या आजच्या दिवसाला दीड महिना झाला. मी इस्पितळाच्या धुलाईत कामाला आहे. अपघात विभागाच्या चादरी माझ्याच हातांनी मशीनमध्ये जातात, त्यांना काय लागलेलं असतं ते मला कोणी सांगायला नको. तरी रोज सकाळी खाली उतरून मी फुंकत होते. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

काल एक छोटी चादर आली. लहान मुलांच्या पलंगाची. माझ्याने मशीनचं दार लाववेना.

"मग चिमीला शाळेत कोण सोडणार?" हे ओरडले.

"मी नेईन चालत. तुम्ही झोपा. मालकांना सांगते, ताप आहे म्हणून."

"माझी नोकरी घालवशील तू!" किल्ली उचलून हे निघाले. चिमी दारात बूट घालत होती, तीही दप्तर घेऊन मागोमाग गेली. मी अडवलं नाही. म्हटलं, जाऊ देत. लाल दिवा बघतील आणि मुकाट्याने वर येतील. दीड महिन्यात पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

आणि खाली गाडी सुरू झाली.

चार मजले मी कशी उतरले, ते माझं मलाच माहीत नाही. पायात चप्पल नव्हती. गाडी वळून फाटकाकडे निघाली होती. मी समोर जाऊन दोन्ही हात पसरले. ब्रेक कचकन लागला, मागचे रिकामे ट्रे धडाधड कोसळले आणि बंपर माझ्या गुडघ्यावर आदळला. मी लंगडत जाऊन दार उघडलं, किल्ली हिसकावली. दारूचा भपकारा आला. यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं होतं. "मारलं असतं गं तुला," एवढंच पुटपुटत होते.

शेजारच्या सीटवर चिमी. नळी अजून तिच्या हातात होती.

"आई, मी केलं! एका दमात हिरवा!"

"बाबांनी शिकवलं?" मी विचारलं. मनात म्हणत होते, हो म्हण गं बाई, एकदा हो म्हण.

"नाही. बाबा आधी नकोच म्हणत होते. तू रोज करतेस ना, मी शेजारी बसून बघते. तू आज चिडली होतीस, म्हणून मी केलं." तिने आमच्या दोघांकडे पाहिलं. "आता भांडू नका ना."

मी आत वाकले. गुडघ्यातून रक्त येत होतं. नळी तिच्या हातून काढून घेतली आणि यांच्याच फोनवरून मालकांना फोन लावला. हे हात जोडून खुणावत होते, ताप आहे म्हण, ताप.

"मालक, दीड महिना तुमच्या यंत्रात मी फुंकत होते. हे पिऊन गाडी चालवायचे."

मग मालकांनी विचारलं, "आणि आज?"

चिमी माझ्याकडे बघत होती, शाबासकी मिळेल म्हणून.

"आज माझ्या मुलीने," मी म्हटलं. "नऊ वर्षांची आहे हो ती. किल्ली माझ्याकडे आहे. गाडी न्यायला कोणाला तरी पाठवा."