सरोवराच्या नकाशातली कोरी जागा

मित्रांनो, मोजणी कचेरीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याला टेकवून ठेवलेला मी एक जुना शिशाचा गोळा आहे. नुसतं नावच गोळा. अंगानं मी लांबट आणि बेढब आहे. येणारे-जाणारे मला ठेचकाळतात आणि वर मलाच शिव्या देतात. देईनात का! ज्यानं सरोवराचा तळ पाहिला, त्यानं बुटांचं काय मनावर घ्यायचं?

माझ्या जन्माआधी या सरोवराची खोली कुणालाच ठाऊक नव्हती. नावाडी आपापल्या अंदाजानं जात-येत. मग एक भरलेली बोट पाण्याखालच्या खडकावर फुटली, माणसं गेली, आणि तेव्हा कुठे सरकारला जाग आली. मोजणी खातं निघालं. किनाऱ्यावर निशाणं रोवली गेली आणि साच्यात मला ओतलं गेलं. माझ्या डोक्याला कडी, कडीत लांब दोर, आणि दोरावर एकेका वावेच्या अंतरानं चामड्याची पट्टी. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत होतं ते अंतर. माझ्या बुडाशी वाटीएवढा खळगा आहे. त्यात चरबी भरायची. मी तळाला टेकलो की तिथला गाळ नाहीतर वाळू चरबीला चिकटून वर यायची. म्हणजे मी नुसता खोली सांगत नव्हतो, पुरावाही घेऊन येत होतो. बोटीवर मला लाडानं ठोंब्या म्हणत.

कामाची रीत ठरलेली होती. दोरवाला मला पाण्यात सोडी आणि ओरडे, "बारा वाव! वाळू!" मोजणीदार तो आकडा कागदावर घेई आणि उलट ओरडे, "मांडलं!" तो शब्द कानावर पडल्याशिवाय बोट जागची हलत नसे. मग थोडं पुढे जायचं, पुन्हा मला सोडायचं. थंडीत दोरवाल्याची बोटं बधिर होत, माझ्या खळग्यातली चरबी दगडासारखी घट्ट होई. तरी मोजणीदार कधी "चला, झालं" म्हणाला नाही. त्याला बघून मला कामाचा अभिमान वाटायला लागला.

या मोजणीदाराचा धाकटा भाऊ सारंग, म्हणजे बोट हाकणारा, होता. दोन काठांना जोडणारी नवी प्रवासी बोट तोच चालवणार होता. आमचा नकाशा छापून झाला की बोट सुटणार, म्हणून रोज धक्क्यावर येऊन विचारायचा, "दादा, अजून किती पाणी उरलंय रे?" मोजणीदार हसून म्हणायचा, "अरे, जेवून घे, सरोवर कुठं पळून जात नाही."

पण हंगाम पळून गेला. वादळं सुरू झाली आणि सरोवराच्या मध्यावरचा एक पट्टा मोजायचा राहिला, तोही नेमका सरळ वाटेवरचा. कचेरीत नकाशाची गुंडाळी उलगडली की तिचा कोपरा दाबून धरायला मला ठेवत, म्हणून पुढचं सगळं मी टेबलावरून ऐकलं.

मोठे साहेब म्हणाले, "अहो, अलीकडे वीस वाव, पलीकडे वीस वाव. मध्ये काय डोंगर उगवणार आहे? टाका वीस आणि मोकळे व्हा." तेव्हा खात्यात असं सर्रास चालायचं.

"साहेब, तिथं ठोंब्या टेकलेला नाही."

"बोट सुटायचा दिवस ठरलाय! कोरा नकाशा देऊन खात्याची शोभा करणार का?"

मोजणीदारानं मान खाली घातली, पण आकडा घातला नाही. त्या पट्ट्यावर त्यानं दोनच शब्द लिहिले, 'मोजलेले नाही'. जिथं मोजणी नाही तिथून प्रवासी बोट न्यायची नाही, असा नियम होता. सरळ वाट बंद झाली.

संध्याकाळी धाकटा आला तो तणतणतच. "दादा, माझ्याच बोटीला वळसा लावलास? धक्क्यावर लोक मला वळसेवाला म्हणून हसतायत. जन्म गेला तुझा या पाण्यावर, एक अंदाज करता येत नाही तुला?"

"त्या बोटीवर तू असणार आहेस. तुझ्या जिवावर मी अंदाज करू?"

"माझं नाव पुढं करू नकोस. हट्ट तुझा आहे."

तो गेला तो गेलाच. खात्यानं आम्हाला दुसऱ्या सरोवरांवर पाठवलं, आणि त्या पट्ट्याकडे परत फिरकायला कुणाला सवड झाली नाही. धाकट्यानं वळसा मुकाट्यानं पाळला, पण दादाशी बोलणं टाकलं. कधी या सरोवरातून जाता-येता आमची होडी त्याच्या बोटीजवळून गेली की मोजणीदार हात वर करायचा. धाकटा समोर बघत राहायचा. आई गेली तेव्हा दोघं शेजारी उभे राहिले, पण एकमेकांशी बोलले नाहीत. पुढे मोजणीदारही गेला. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. अजूनही वाटतं.

मग आवाजानं खोली मोजणारी यंत्रं आली, माझा दोर कुजला आणि मी दाराशी आलो. कितीतरी वर्षांनी त्या पट्ट्याच्या मोजणीचा हुकूम निघाला. निघायच्या दिवशी एक म्हातारा दारात मला ठेचकाळला, आणि शिवी न देता खाली बसला. "अरे, हा आमच्या दादाचा ठोंब्या!"

मोजणीच्या नव्या बाईंना तो म्हणाला, "बाई, आम्हा दोघांना न्याल? दादाचं तेवढं काम राहिलंय."

"काका, यंत्र सगळं दाखवेल की."

"दाखवू दे. पण हाही येऊ दे."

बाईंना नाही म्हणवेना. त्यांनी नवा दोर दिला, त्याला वावेच्या खुणा म्हाताऱ्यानं स्वतः केल्या. खळग्यात चरबी भरून त्यानं मला पाण्यात सोडलं. खरं सांगतो, मला खडक हवा होता. एक टोकदार खडक, म्हणजे माझ्या मोजणीदाराचं म्हणणं सगळ्यांना पटलं असतं. मी खाली खाली गेलो, आणि मऊ गाळात अलगद रुतलो.

यंत्रानंही तेच दाखवलं. बाई हळहळल्या. "काका, इथं तर काहीच नाही हो. इतकी वर्षं उगाच वळसा घातलात."

म्हाताऱ्यानं माझ्या बुडाचा गाळ अंगठ्यानं पुसला. "उगाच कसा, बाई? धुकं पडलं की मला बोटीचं नाक दिसायचं नाही. मागे लेकुरवाळ्या बायका, माणसं. मी दादाच्या आकड्यांवर भरवसा टाकून बोट न्यायचो. 'इथलं मला माहीत नाही' असं जो लिहितो, त्यानं बाकीचं खरंच लिहिलं असणार, हे मला ठाऊक होतं." त्यानं मला हलकेच फळीवर ठेवलं. "हे त्याला सांगायचं राहिलं."

मग तो ताठ उभा राहिला आणि पाण्याकडे तोंड करून मोठ्यानं ओरडला, "वीस वाव! मऊ गाळ!"

'मांडलं' म्हणायला कुणी नव्हतं. ती रीत बाईंना ठाऊक नव्हती. म्हातारा वाट बघत उभा राहिला. शेवटी मीच म्हटलं, पण शिशाचा आवाज कुणाला ऐकू जातो?

मित्रांनो, मला दारापासून उचलून काचेच्या कपाटात ठेवा, असं मी म्हणत नाही. एवढंच मागतो. जे ठाऊक नाही त्याची जागा कोरी ठेवायला लाजू नका. आणि अशी जागा कोरी ठेवणारं माणूस तुमच्या घरात असेल, तर त्याच्या कानात आवाज पोचतो आहे तोवर त्याच्याशी बोला.