ओल्या होडीवर कव्हर

मर्लला दोन प्रकारची माणसं खपत नसत. कॉफीत पाणी वाढवणारी, आणि लांबच्या रस्त्याला होडी उघडी नेणारी. पेट्रोल पंपावर दुसऱ्या प्रकारातला कोणी दिसला की हा गाडीतून उतरून त्याला गाठायचा. "काय हो, बायकोलाही असंच टपावर बसवून नेता का?" अशा वेळी मी सीटखाली पडलेलं काहीतरी शोधत राहायची, तो माणूस जाईपर्यंत.

कव्हर घालायचेही त्याचे नियम होते. धक्क्याला होडी बांधून ठेवताना घालतात ते ढगळ कव्हर रस्त्यावर चालत नाही. वारा आत शिरतो, कापड फडफडतं आणि शंभर मैलांत व्हार्निश खरवडून निघतं. रस्त्याचं कव्हर अंगाला चापून बसायला हवं, पट्टे पोटाखालून ट्रेलरला आवळायला हवेत, आणि जिथे काचेचा नाहीतर खुंटीचा कोपरा कापडाला टोचेल तिथे जुना मोजा चढवायला हवा. सगळ्यांत वरचा नियम म्हणजे होडी कोरडी हवी. "ओल्या होडीवर कव्हर घालणं म्हणजे बाळाला ओल्या दुपट्यात गुंडाळणं," असं तो म्हणायचा. मिनेसोटातल्या आमच्या तळ्यावर हे वाक्य ज्याने निदान दोनदा ऐकलं नाही असा माणूस नसेल. उन्हाळ्यात दर शनिवारी मर्ल धक्क्यावर खुर्ची टाकून बसायचा. पाण्याबाहेर आलेल्या प्रत्येक होडीच्या तळाचं बूच काढलंय का, तळातलं पाणी गेलंय का, ते वाकून बघायचा. इंजिनाच्या पंख्यात अडकलेलं पाणगवत स्वतःच्या हाताने सोडवायचा. पगार शून्य, शिव्या भरपूर. हे सगळं त्या नखाएवढ्या शिंपल्यांपायी. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, वाटीभर पाण्यातून एका तळ्यातून दुसऱ्यात जातात, तिथल्या माशांचं खाणं संपवतात, आणि मग त्या तळ्याची आशा सोडायची. आमच्या तळ्यात ते चार वर्षांपूर्वी आले. त्या दिवशी मर्ल जेवला नाही.

मे महिन्यात त्याला आमच्या मुलीकडे, जनेलकडे, मोंटानाला हलवला. फुप्फुसात सुरू झालेलं दुखणं तोवर सगळीकडे पोचलं होतं. जनेलचं घर मोठ्या तळ्याच्या काठावर आहे. पलंगावरून पाणी दिसतं. ऑगस्टच्या शेवटी घरी येणाऱ्या नर्सने मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, "दोन आठवडे धरून चाला." मर्लला कोणी काही सांगितलं नाही, पण त्याच संध्याकाळी तो म्हणाला, "आर्लिस, माझी होडी आण. एकदा तिच्यात बसवून पाण्यावर ने मला. मग काय करायचं ते कर."

ती होडी त्याने अकरा हिवाळे गॅरेजमध्ये खपून बांधली होती, देवदाराची एकेक पट्टी चिकटवत. मी विमानाने मिनेसोटाला गेले आणि ओरिनला उठवला. ओरिन म्हणजे मर्लचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, शेजारच्याच घरात एकटा राहतो. हजार मैल होडी ओढून न्यायची म्हटल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला, "सॅन्डविच तू करणार की मी?"

निघायच्या सकाळी तळं आरशासारखं होतं.

"इंजिन चालतंय का बघून घेऊ," मी म्हणाले.

"चालतंय. जुलैत मीच चालवलं."

"तरी बघू."

ओरिनने माझ्याकडे नीट बघितलं. "आर्लिस, तुला फेरी मारायचीय."

"बरं, मारायचीय. मग?"

"मग काही नाही. चल."

अर्धा तास हिंडलो असू. ओरिनची टोपी उडून पाण्यात पडली आणि ती पकडायला आम्ही तीन वेळा गोल फिरलो. तिसऱ्यांदा ती हाताशी आली आणि बुडाली. ओरिन रिकाम्या हाताकडे बघत म्हणाला, "टक्कल उघडं पडलं की माणसाचं वय कळतं," आणि मी हसले. मे महिन्यापासून पहिल्यांदा. हसता हसता मला माझाच राग आला, तरी हसले.

होडी वर काढल्यावर तो म्हणाला, "आता हिला उतारावर उभी करू, बूच काढू. दुपारपर्यंत सुकेल."

"दुपार? चौदातले चार दिवस गेले, ओरिन. मला दुपारबिपार सांगू नकोस."

"मर्ल काय म्हणेल..."

"मर्ल तिकडे आहे. मी टॉवेलने पुसते. तू टायर बघ, दिवे बघ. कव्हर आणि बूच माझ्याकडे."

पुसली मी. हात पोचला तिथवर. पायाखालच्या फळ्यांच्या खाली हात जात नाही. मग मोजे चढवायला घेतले, सगळे मर्लचेच. एक करडा हाती आला, टाचेला मी दोनदा रफू केलेला. तो हातात धरून किती वेळ उभी राहिले कोणास ठाऊक. ओरिनने हॉर्न वाजवला तेव्हा मोजा खुंटीवर घातला, कव्हर ओढलं, पट्टे आवळले आणि गाडीत जाऊन बसले. बूच तसंच राहिलं.

नॉर्थ डकोटाचा वारा गाडीला रस्त्यावरून ढकलत होता, पण कव्हर जरासुद्धा हललं नाही. ओरिन सारखा आरशात बघायचा. "ढोलासारखं बसलंय," तो म्हणाला. "मर्लने केलं असतं तसं." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोंटानाच्या हद्दीवर तपासणीची चौकी लागली. तिथे ट्रेलरवरच्या प्रत्येक होडीने थांबायचंच असतं. तपासायला कॉर्लिस नावाची बाई होती, निवृत्त शिक्षिका असावी. लिहायचा पॅड छातीशी धरला होता.

"कुठल्या तळ्यातून, कुठल्या तळ्यात?"

मी सांगितलं. पहिलं नाव शिंपल्यांच्या यादीत असावं, तिने मान वर केली.

"पाण्यात शेवटची कधी होती?"

मी ओरिनकडे बघितलं. ओरिनने रस्त्याकडे बघितलं. "काल सकाळी," तो म्हणाला.

"काल? कव्हर काढा."

कव्हर उचललं तशी आतून वाफ आली, कुबट, कोमट. दीड दिवस उन्हात घट्ट बांधलेली ओल. मोजे निथळत होते. कॉर्लिसने त्यांच्याकडे एकदा बघितलं. ती मागे गेली, वाकली, खाली बादली ठेवली आणि बूच फिरवलं. पाणी यायला लागलं. मला वाटलं आता थांबेल, आता थांबेल. बादलीचा तळ झाकला, अर्धी भरली, वर पाणगवताची एक काडी गोल गोल फिरत होती.

"कोणी झाकली ही?" काच कोणी फोडली असं वर्गात विचारतात, त्याच आवाजात.

"मी," ओरिन म्हणाला.

मी तोंड उघडलं. पण ती पुढचं सांगायला लागली होती. कढत पाण्याने सगळी होडी धुणार. मग होडी आणि ट्रेलर यांच्यामधून तार ओवून सील लावणार. अठरा दिवस उघडी ठेवून वाळवायची. पुन्हा तपासणी होईल, तेव्हा तार कापतील. तोवर पाण्याला लावायची नाही.

"माझ्या नवऱ्याकडे अठरा दिवस नाहीयेत," मी म्हणाले.

तिने चष्मा काढला. "मला खरंच वाईट वाटतं, बाई. पण तुम्ही जाताय ते तळं अजून स्वच्छ आहे."

मर्लनेही हेच म्हटलं असतं, अगदी ह्याच शब्दांत. म्हणून मी भांडू शकले नाही. तेवढ्यात माझा फोन वाजला. जनेल विचारत होती, कुठे पोचलात. मी सांगितलं जे झालं ते. मागून मर्लचा खोकला ऐकू आला, मग तोच फोनवर आला.

"ओली झाकली?"

"हो."

"बूच लावलेलं?"

"हो, मर्ल."

"कोणी?"

ओरिन कढत पाण्याच्या नळीपासून दूर उभा होता, हातात मर्लचे ओले मोजे पिळत. त्याने ऐकलं असेल की नाही, मला अजून माहीत नाही.

"ओरिनने," मी म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा मर्लने खिडकीतून होडी बघितली, तिच्या गळ्यातली तार बघितली, आणि जनेलला सांगितलं, "ओरिनला आत आणू नकोस." बस्स. आरडाओरडा करायला श्वास कुठे होता? मला मात्र त्याने जवळ बसवलं, हात धरला. "साठ वर्षं पाण्यावर काढली ह्याने," तो म्हणाला. "साठ वर्षं. आणि माझं नाव लावून घाण दुसऱ्याच्या दारात." मी त्याच्या नखांवरून अंगठा फिरवत राहिले. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण घरात एकाच माणसावर तो रागावलेला नव्हता, आणि ती मी होते. ते मला सोडवेना.

ओरिन गॅरेजमध्ये खाटेवर झोपायचा. जनेल त्याचं ताट दाराशी ठेवून यायची, मांजराला ठेवतात तसं. मी गेले तर तो पक्कड घेऊन ट्रेलरपाशी उभा.

"तू हो म्हण, मी तार कापतो," तो म्हणाला. "एक गुन्हा नावावर आहेच, दुसरा कुठे जड होतोय?"

"मर्ल तशा होडीत बसायचा नाही."

"माहितीय मला. तरी विचार."

विचारलं. मर्ल म्हणाला, "हे ओरिनचं डोकं ना?" मी त्याचं पांघरूण सारखं केलं. त्याने डोळे मिटले.

"मी सांगते त्याला," असं मी ओरिनला त्या दिवशी म्हणाले. दुसऱ्या दिवशीही म्हणाले. तो म्हणायचा, "तुला जमेल तेव्हा," आणि होडीच्या फळ्या काढून उन्हात मांडायला लागायचा, जसं काही अठराचे दहा करता येतील.

सहाव्या दिवशी पाऊस आला. होडी भिजली तर वाळवणीचे दिवस पहिल्यापासून मोजायचे, आणि कव्हर घट्ट घातलं तर आत वारा नाही. ओरिनने चार बांबूंवर कव्हर तंबूसारखं ताणलं. वाऱ्याने एक बांबू मोडला, तेव्हा त्या कोपऱ्याला तो स्वतः उभा राहिला, दोन्ही हात वर करून. तास झाला, दोन झाले. पाणी बाह्यांतून शिरून खाली पायांतून वाहत होतं. सत्तरीला आलेला माणूस. मर्लच्या पलंगावरून तो समोरच दिसत होता.

मर्ल बराच वेळ बघत होता. त्याचा श्वास घरघरत होता. मला वाटलं, आता म्हणेल, बोलव त्याला आत, वेड्याला. मी उठायच्या तयारीत होते. ते म्हटलं असतं तर मी सगळं ओकून टाकलं असतं, शपथ.

"पडदा ओढ," मर्ल म्हणाला.

मी उठले आणि पडदा ओढला.

त्यानंतर औषधाचा डोस वाढवला, आणि मर्ल बहुतेक वेळ झोपेतच असायचा. नवव्या दिवशी दुपारी तो गेला. तारेला अजून निम्मे दिवस बाकी होते. आदल्या रात्री मी त्याच्या कानाशी वाकून "मर्ल, ती होडी" एवढं म्हणाले होते. त्याच्या पापण्या हलल्या, आणि मी पुढे "छान वाळतेय" असं म्हणाले.

प्रार्थना गावातल्या छोट्या चर्चमध्ये होती. तळघरात हॅमची सॅन्डविचेस आणि कॉफी. बायांनी कॉफी पातळच केली होती. ओरिन तपकिरी कोटात आला, डोक्याला टोपी नाही. जनेल दाराशी उभी होती.

"ओरिनकाका, तू मागे बस. पुढचा बाक घरच्यांना आहे."

"बरं, पोरी," तो म्हणाला, आणि गेलाही मागे.

मी जनेलचं मनगट धरलं. "ओली होडी मी झाकली. बूच मी विसरले. फेरीही मलाच मारायची होती. तो थांबायला सांगत होता."

"आई, आता नको. लोक येताहेत."

"काका उगाच..."

"बाबांना माहीत होतं?"

"नाही."

तिने माझा हात सोडवून बाजूला ठेवला. रागाने नाही, गरम भांडं खाली ठेवतात तसा, जपून. मग पुढच्या बाकावर जाऊन बसली आणि शेजारच्या माझ्या जागेवर तिने आपली पर्स ठेवली.

मी मधल्या वाटेने मागे गेले. शेवटच्या बाकावर ओरिन एकटा होता.

"पुढे जा. लोक बघताहेत."

"बघू देत. सरक."

तो सरकला. ऑर्गन सुरू झाला. ओरिन पुढे बघतच म्हणाला, "सांगितलंस पोरीला?"

"हो."

"कशाला? माझं निभत होतं." त्याने प्रार्थनेचं पुस्तक उघडलं, बंद केलं. "त्याला सांगायचं होतंस, आर्लिस. त्याला."

पाद्रीबाईंनी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. त्या पावसानंतर ओरिनचे गुडघे धरले होते. मी त्याला उठवायला हात पुढे केला. त्याने समोरच्या बाकाची पाठ धरली आणि तो स्वतःचा स्वतः उभा राहिला.