निम्मं पिस्तूल

अधिक महिन्यात शिनोलीच्या सावळेरामांनी दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं, तेव्हा थोरला कुंडलिक आळ्याहून मुद्दाम लवकर निघाला. पाय आधी त्याचे धुवायचे, वाण आधी त्याला द्यायचं, हा मान त्याचा. तो कुणी चुकवतं का, यावर त्याचं बारीक लक्ष असे. धाकटा रखमाजी उशिरा आला, हसत आला, आणि सासूबाई धोंडाबाई हातातला तांब्या खाली ठेवून त्याच्याकडे धावल्या. कुंडलिकचा एक पाय ओला, एक कोरडा राहिला.

जेवणं झाल्यावर रखमाजीनं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढून सतरंजीवर ठेवली. काळं, बुटकं पिस्तूल.

"नेपाळच्या हद्दीवरनं आनलं," तो म्हणाला. "तुमच्या उसात बिबट्या बसतोय न्हवं, मामा? तुमच्यासाठी."

सावळेरामांनी ते दोन्ही हातांनी उचललं. जावयानं आणलेली वस्तू म्हणून आधी कपाळाला लावलं.

"हद्दीवर कुनी धरलं न्हाई?"

"कोन धरनार? अलीकडचा शिपाई म्हनतो, इकनारा पलीकडचा. पलीकडचा म्हनतो, गिऱ्हाईक अलीकडचं. दोघंबी खरं बोलत्यात, मामा, म्हनून दोघंबी निवांत."

सगळे हसले. कुंडलिक हसला नाही. ट्रक त्याचा होता. आळ्याचा कांदा भरून तो हद्दीपर्यंत जाई आणि रखमाजी त्यावर ड्रायव्हर. म्हणजे ही वस्तू त्याच्या गाडीतून, त्याच्या डिझेलवर इथवर आली होती. दुसरा कुणी असता तर हे उमगताच त्याला घाम फुटला असता. कुंडलिकला मात्र वेगळंच खुपलं. गाडी माझी आणि कौतुक याचं!

"कशात घालून आनलंस?"

"स्टेपनीच्या टायरात."

"म्हंजे माझ्या टायरात."

"तुमच्याच की, दाजी."

"मग निम्मं माझं झालं."

"बरं बाई, निम्मं तुमचं," धोंडाबाई म्हणाल्या. रडणाऱ्या पोराची समजूत काढावी, तसा त्यांचा सूर होता.

परतताना कुंडलिकची बायको साळुबाई म्हणाली, "असल्या वस्तूत कसला वाटा मागताय? लोकं लांब पळत्यात."

"तुझ्या बापाला बिबट्यापासनं वाचवनार कोन? एकटा रखमाजी?"

पुढच्या सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात बिबट्याचा विषय निघाला आणि कुंडलिकला राहवलं नाही. आमच्या सासऱ्याला आता भ्या न्हाई, आमी पिस्तूल आनून दिलंय, असं तो चारचौघांत बोलून गेला. बैलांचा व्यापारी दिलावर त्याला दंडाला धरून टेम्पोमागे घेऊन गेला.

"कुंडलिकभाऊ, येड लागलं का? लोक अशी चीज लपवत्यात आन तुमी बाजारात ओरडून वाटनी मागताय?"

"वाटनी न्हाई, दिलावरभाई. हक्क हाय माझा."

"असला हक्क जीप घिऊन घरी येतो, राव."

आणि तसंच झालं. आठवडा उलटायच्या आत पोलिसांनी दोन्ही जावयांना उचलून शिनोलीत आणलं. सावळेरामांच्या कणगीतल्या ज्वारीतून पिस्तूल निघालं. फौजदारांनी ते रुमालात धरलं.

"कुणाचं?"

रखमाजी पुढं झाला.

"माझं, सायेब. मीच आनलं. मामांना मीच ठिवाय दिलं, त्यांना कायदा ठाव न्हाई. दाजींची निस्ती गाडी. त्यांना यातलं काय बी म्हाईत न्हवतं."

कुंडलिकचा ट्रक वाचला. बँकेचे हप्ते, पोरीचं लग्न, सगळं वाचलं. आता फक्त गप्प राहायचं होतं.

"खरं का हे?" फौजदारांनी त्याला विचारलं.

होय म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि त्याची नजर सासू-सासऱ्यांकडे गेली. सावळेराम रखमाजीकडे बघत होते, देवळात मूर्तीकडे बघावं तसे. धोंडाबाईंनी पदर डोळ्यांना लावला होता. "असा जावई मिळाया भाग्य लागतं," त्या पुटपुटल्या. इतक्या वर्षांत कुंडलिकच्या वाट्याला ही नजर एकदाही आली नव्हती, आणि आता जन्मात येणारही नव्हती.

"खोटं बोलतोय त्यो," कुंडलिक म्हणाला. "मला ठाव व्हतं. हितंच, ह्याच घरात समजलं. समजल्यावर पोलिसात गेलो न्हाई, उलटा मिरवत फिरलो. गाडी बी माझीच. लिवा."

जीपमध्ये बसल्यावर रखमाजी हळूच म्हणाला, "दाजी, सुटला व्हता की. कशापायी?"

"तू एकटाच थोर व्हनार व्हय?"

रखमाजीनं सरकून जागा करून दिली. बाहेर फौजदार शिपायाला सांगत होते, आळ्याला जाऊन ट्रक ताब्यात घे म्हणून. कुंडलिकनं करगोट्याला बांधलेली ट्रकची किल्ली सोडली आणि जीपमधून हात बाहेर काढून शिपायापुढं धरली.